सॉफ्टनर बसवण्याआधी घरच्या पाण्याचं नेमकं काय काय तपासावं?

ओंजळ
नमस्कार मंडळी. या घरात येऊन दीड वर्ष झालं. शॉवरची भोकं दोन महिन्यांत बुजतात, गीझरचं कॉइल एकदा बदलून झालं, काचेच्या दारावर पांढरे डाग पडतात, कमोडमध्ये पिवळट-तांबूस ओघळ येतात. साबणाला फेस येत नाही. काल एका विक्रेत्याचा माणूस येऊन गेला. त्याने बेसिनचं पाणी ग्लासात घेऊन त्यात पेनासारखं यंत्र बुडवलं, आकडा आला ५४०. "पाणी फार जड आहे, २५ लिटर रेझिनचा सॉफ्टनर लागेल," म्हणाला आणि दर सांगून गेला.

घरात आम्ही पाच जण. बोअरचं पाणी आणि सार्वजनिक नळाचं पाणी, दोन्ही गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं. खर्च मोठा आहे, म्हणून घाई करायची नाही. ज्यांनी सॉफ्टनर बसवलाय त्यांनी सांगा, आधी काय तपासायला हवं होतं असं आता वाटतं?

पाना_पक्कड
पहिली गोष्ट, ते पेन म्हणजे टीडीएस मीटर. त्याने हार्डनेस मोजताच येत नाही. त्या ५४० वर विसंबून काहीही विकत घेऊ नका. बाकी सविस्तर रात्री लिहितो, आत्ता कामावर आहे.

ब्युरेट
पाना_पक्कड यांचं बरोबर आहे. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काम केलंय, हा घोळ रोज बघितलाय.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार कुठला, हे त्याला कळत नाही. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा ग्रॅम मीठ टाका, मीटर ५०० च्या आसपास दाखवेल आणि हार्डनेस मात्र शून्य असेल. हार्डनेस म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनरमधलं रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक दाणे, तेवढेच दोन काढून घेतं आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतं. त्यामुळे सॉफ्टनर उत्तम चालत असला तरी टीडीएस उतरत नाही, उलट किंचित चढतो. हे माहीत नसल्यामुळे लोक नवं यंत्र बिघडलेलं समजून तक्रार करतात.

हार्डनेस कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिग्रॅ प्रति लिटर असा सांगतात. ६० पर्यंत मृदू, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत कठीण, त्यापुढे अति कठीण, अशी सर्वसाधारण वर्गवारी आहे. काही यंत्रांच्या माहितीपत्रकात 'ग्रेन' हे एकक असतं. अमेरिकी गॅलनमागे १ ग्रेन म्हणजे १७.१ मिग्रॅ प्रति लिटर. एकक न बघता आकडा यंत्रात भरला तर सगळा हिशेब सतरापट चुकतो.

तुमच्याकडे दोन पाणी एका टाकीत येतात, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टाकीतल्या पाण्याच्या तपासणीवर थांबू नका.

दुष्फेन
शब्दांपुरतं बोलतो. 'जड पाणी' म्हणजे अणुभट्टीत वापरतात ते. शाळेच्या पुस्तकात आपल्या पाण्याला दुष्फेन म्हणायचे, ज्याला फेस धड येत नाही ते. आणि फेस येतो ते सुफेन. किती नेमके शब्द आहेत! माझं नावच त्यावरून घेतलंय.

ओंजळ
दुष्फेन, हे शब्द विसरूनच गेले होते. ब्युरेट, धन्यवाद. म्हणजे त्या माणसाला हार्डनेस माहीतच नव्हता?

ब्युरेट
निदान त्या यंत्राने तरी नव्हता.

निळीशाई
माझा अनुभव लिहिते, कारण तुमचे तांबूस ओघळ वाचून धस्स झालं.

आम्ही फक्त हार्डनेस तपासून सॉफ्टनर बसवला. पहिले चार-पाच महिने सुख होतं. मग फेस कमी होऊ लागला. मीठ टाकायचं प्रमाण वाढवलं, रिजनरेशन (मीठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजं करणं) एक दिवसाआड केलं, तरी फरक नाही. आठव्या महिन्यात सॉफ्टनरची टाकी उघडली तेव्हा मधासारखं दिसायला हवं ते रेझिन विटकरी झालं होतं. वर गाळाचा थर. कारण लोह. बोअरचं पाणी नळातून येताना स्वच्छ काचेसारखं दिसायचं, म्हणून आम्हाला शंकाच आली नाही. लोह विरघळलेलं असतं तेव्हा दिसत नाही. हवा लागली की त्याचा गंज होतो आणि तो रेझिनच्या दाण्यांवर बसतो. मीठाच्या पाण्याने तो निघत नाही. आम्ही लोह काढणारं रसायन वापरून पाहिलं, थोडं सुधारलं, पण शेवटी रेझिन बदलावंच लागलं.

एक साधी गोष्ट करा. बोअरचा पंप दहा मिनिटं चालवून पांढऱ्या भांड्यात पाणी घ्या आणि रात्रभर उघडं ठेवा. सकाळी तांबूस झाक किंवा तळाशी गाळ दिसला, तर आधी लोहाचा विचार करा. पाण्यातलं लोह लिटरमागे ०.३ मिग्रॅच्या वर गेलं की कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग सुरू होतात. हे मी आधी वाचलं असतं तर एवढे महिने गेले नसते.

ओंजळ
निळीशाई, आजच ठेवते. टाकीच्या तळाशी तांबडा गाळ असतो खरा, मी त्याला माती समजत होते.

रानवारा
मला वाटतं आपण घाबरवतोय. मी फक्त पट्टी बुडवून रंग बघितला, सॉफ्टनर घेतला, सहा वर्षं मजेत आहे. प्रत्येकाने प्रयोगशाळेत जायचं ठरवलं तर कोणी काही बसवणारच नाही.

ब्युरेट
रानवारा, हार्डनेससाठी पट्टी चालते, मी नाही म्हणत नाही. थेंब मोजायची छोटी किट त्याहून बरी. ठरावीक पाण्यात थेंब टाकत जायचं, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं आणि थेंब मोजायचे. प्रयोगशाळेत ईडीटीए नावाच्या रसायनाने आम्ही तेच करतो. तुमच्या पाण्यात लोह नसेल, गाळ नसेल, क्लोरीन बेताचं असेल, म्हणून पट्टी पुरली. पण ते नव्हतं हे तुम्हाला तपासून कळलेलं नव्हतं. निळीशाई यांनीही तेवढीच तपासणी केली होती.

रानवारा
हे मान्य. माझं पाणी फक्त सार्वजनिक नळाचं आहे, हेही सांगायला हवं होतं.

चांदणवेल
साबणाची घरगुती परीक्षा पण सांगते. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या घ्यायच्या. एकीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत आपलं. दोन्हींत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकायचे आणि जोरात हलवायचं. आपल्या बाटलीत फेस बसला आणि पाणी दुधी झालं तर ते दुष्फेन. मात्र अंगाला लावायचा खरा साबण किसून घ्या. भांड्यांचं किंवा कपड्यांचं लिक्विड बहुतेक वेळा डिटर्जंट असतं, ते कठीण पाण्यातही फेसाळतं आणि आपण फसतो.

ब्युरेट
चांदणवेल यांची परीक्षा छान आहे. आकडा मिळत नाही, पण डोळ्यांना फरक दिसतो.

ओंजळ, आता नमुना घेण्याबद्दल. तीन नमुने घ्या, बोअरचा पंपाजवळून, सार्वजनिक नळाचा टाकीत पडण्याआधी आणि टाकीतून आलेला बेसिनचा. प्रत्येक नळ आधी पाच मिनिटं वाहू द्या, गाळणी किंवा फिल्टर असेल तर त्याच्या आधीच्या नळावरून घ्या. तपासणीत एवढं मागा: एकूण हार्डनेस, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी, लोह, मँगनीज, पीएच, टीडीएस, क्लोराइड, गढूळपणा. बोअरसाठी नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिकही. सॉफ्टनर हे तिन्ही काढत नाही, पण पाण्याला हात घालतोच आहात तर ते कळलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्यं फ्लोराइडसाठी १.५, नायट्रेटसाठी ५० आणि आर्सेनिकसाठी ०.०१ मिग्रॅ प्रति लिटर आहेत. नुसत्या हार्डनेससाठी त्यांनी आरोग्याच्या आधारावर मर्यादा घातलेली नाही. म्हणजे हा त्रास मुख्यतः नळांचा, गीझरचा आणि साबणाचा आहे.

क्लोरीन आणि पीएच शक्यतो जागेवरच मोजा, बाटलीत ते बदलतात. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तोही तिथेच नोंदवा, तो वायू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उडून जातो. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी मिळते. तिच्या तोंडाला आतून बोट लावायचं नाही, गार ठेवायची आणि २४ तासांच्या आत पोचवायची.

कोरडा_ओढा
एवढ्या चाचण्यांमध्ये पाण्याचा जोर कोणी बोललंच नाही. आमचा सॉफ्टनर पाण्यामुळे नाही, जोर कमी पडला म्हणून निकामी ठरला. रिजनरेशनला मीठाचं पाणी ओढलंच जायचं नाही, मीठाची टाकी भरलेली ती भरलेलीच.

पाना_पक्कड
रात्रीचं वचन पाळतोय. कोरडा_ओढा यांनी माझ्या तोंडचं वाक्य घेतलं.

दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार. ओंजळ यांची टाकी गच्चीवर, म्हणजे बाथरूमच्या नळापासून फार तर तीन-चार मीटर वर. दाब झाला ०.३ ते ०.४ बार. आपोआप चालणाऱ्या बहुतेक सॉफ्टनरना दीड-दोन बार तरी लागतो, नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत असतो. मीठाचं पाणी आत खेचायला जे इंजेक्टर असतं ते दाबावरच चालतं. दाब नसला की नुसतं पाणी फिरतं आणि रेझिन उपाशी राहतं.

मग काही जण सांगतात, पंपाकडून टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर बसवा, तिथे दाब आहे. तिथेही एक खोच आहे. रिजनरेशन तास-दीड तास चालतं आणि तेवढा वेळ दाब टिकायला हवा. पंप टाकी भरली की बंद पडतो. मध्येच बंद पडला तर मीठ धुतलं जात नाही आणि पुढच्या वेळी खारं पाणी टाकीत चढतं. म्हणून टाकीच्या खाली प्रेशर पंप घालून त्यापुढे सॉफ्टनर, किंवा रिजनरेशनची वेळ आणि पंप यांचा नीट मेळ, यातलं एक करावं लागतं.

आधी बादली लावून बघा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजा. ४० सेकंद म्हणजे मिनिटाला १५ लिटर. शॉवर आणि आणखी एक नळ एकदम सोडूनही मोजा. आणि यंत्राची जागा ठरवताना ड्रेन जवळ आहे का बघा. ड्रेनची नळी गटारात थेट खुपसू नका, मध्ये हवेचं अंतर ठेवा, नाहीतर कधीतरी घाण पाणी उलटं खेचलं जाईल. बायपासचे कॉक, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी थेट पुढे सोडणारे, तर हवेतच.

गारगोटी
पाइपला बाहेरून चुंबक बांधायचं यंत्र मिळतं. मीठ नको, ड्रेन नको. कोणी वापरलंय?

ब्युरेट
चुंबकाने कॅल्शियम पाण्यातून निघत नाही, हार्डनेस आधी जेवढा तेवढाच नंतर भरतो. थर बसण्यावर परिणाम होतो का, याबद्दल प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मी त्यावर पैसे घालणार नाही.

गारगोटी
बरं झालं विचारलं.

मृगसर
घरात वडील आहेत, त्यांना डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय. सॉफ्टनरचं पाणी त्यांनी प्यावं का?

हिशेबनीस
मृगसर, हिशेब सोपा आहे. १०० मिग्रॅ हार्डनेस काढला की ४६ मिग्रॅ सोडियम येतं. पाणी ३०० हार्डनेसचं असेल तर लिटरमागे १३८ मिग्रॅ सोडियम वाढलं. ज्यांना पथ्य आहे त्यांच्यासाठी ही भर दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवणं सगळ्यात सोपं, किंवा पुढे आरओ असेल तर तो सोडियम बराचसा काढतो. तान्ह्या बाळाचं दूध कालवायलाही हे पाणी नको. मीठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड चालतं, पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

ओंजळ यांच्यासाठी आकाराचाही हिशेब. पाच माणसं, माणशी १२० लिटर, दिवसाला ६०० लिटर. हार्डनेस ३०० धरला तर रोज १८० ग्रॅम काढायचा. एक लिटर रेझिन, मीठ बेताने वापरलं तर, सुमारे ४५ ग्रॅम काढतं. म्हणजे २५ लिटर रेझिन ११०० ग्रॅमच्या वर, सहा दिवस पुरेल. दर खेपेला साधारण अडीच किलो मीठ. पण तुमचा खरा हार्डनेस १०० निघाला तर हेच यंत्र अठरा दिवस बसून राहील, आणि ५४० धरून दिलं तर गरज नसताना तीन-चार दिवसांनी मीठ खाईल. म्हणून आधी आकडा.

निळीशाई
बागेचा नळही सॉफ्टनरच्या आधीच ठेवा. सोडियमने माती आवळते आणि झाडं सुकतात. माझी कुंडीतली दोन झाडं अशीच गेली.

दुष्फेन
हा धागा साठवून ठेवतोय. ओंजळ, निकाल आले की नक्की लिहा.

ओंजळ
मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. निकाल आले. पीएच सोडून सगळे आकडे मिग्रॅ प्रति लिटर.

बोअर: टीडीएस ६९०, एकूण हार्डनेस ४१०, कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ४१, लोह १.४, पीएच ७.१.
सार्वजनिक नळ: टीडीएस १८०, हार्डनेस ९०, कॅल्शियम २४, मॅग्नेशियम ७, लोह जवळपास नाही, जागेवर मोजलेलं क्लोरीन ०.५.
बेसिन: टीडीएस ५४०, हार्डनेस ३१५, लोह ०.९, क्लोरीन नाही.

नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक तिन्ही मर्यादेत. बेसिनच्या पाण्यात कोलिफॉर्म (पाणी दूषित झाल्याची शंका दाखवणारे जिवाणू) सापडले, ई. कोलाय (विष्ठेतून येणारे) नाही. शॉवरखाली दहा लिटरची बादली भरायला ९५ सेकंद लागले. आणि निळीशाई, भांड्यातलं पाणी सकाळी चक्क फिकट केशरी झालं होतं.

हिशेबनीस
आधी अहवाल खरा आहे का ते बघू. कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करायची, ती एकूण हार्डनेसशी जुळायला हवी. बोअर: २४० अधिक १६८, म्हणजे ४०८. नळ: ६० अधिक २९, म्हणजे ८९. जुळतंय. टीडीएसवरून बघता टाकीत बोअरचं पाणी सुमारे ७० टक्के येतंय, आणि त्या प्रमाणात हार्डनेसही ३१४ यायला हवा. तोही जुळला. अहवालावर विश्वास ठेवा.

ब्युरेट
क्लोरीन बेसिनला का नाही, त्याचंही उत्तर इथेच आहे. बोअरच्या लोहाशी लढण्यात ते टाकीतच संपतं. लोहाचा गंज तळाशी बसतो, तोच तुमचा तांबडा गाळ. निर्जंतुक करायला काही उरत नाही, म्हणून कोलिफॉर्म. टाकी रिकामी करून घासून क्लोरीनने धुवून घ्या आणि पुन्हा चाचणी करा, तोपर्यंत पिण्याचं पाणी उकळा. हा सॉफ्टनरच्या आधीचा प्रश्न आहे. आणि १.४ लोह असलेलं पाणी थेट सॉफ्टनरवर सोडायचं नाही, आधी लोहाचा फिल्टर.

पाना_पक्कड
९५ सेकंद म्हणजे मिनिटाला सहा लिटरच्या जरा वर. या दाबावर सॉफ्टनर चालणार नाही. लोहाच्या फिल्टरला बॅकवॉशसाठी, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून धुवायला, याहून बराच जास्त प्रवाह लागतो. म्हणजे लोहाचा फिल्टर बोअरच्या पंपाच्या लाइनवर, आणि सॉफ्टनर टाकीखाली प्रेशर पंप घालून.

रानवारा
मला एक विचारायचंय. सार्वजनिक नळाचं पाणी ९० हार्डनेसचं आहे. ते रोज किती मिळतं?

ओंजळ
साधारण ४०० लिटर. का?

रानवारा
कारण आंघोळ, स्वयंपाक, पिणं आणि कपडे यांना तुम्हाला तेवढंच लागत असेल. चांगलं पाणी बोअरमध्ये मिसळून आपणच ३१५ करतोय. दोन टाक्या वेगळ्या केल्या, बोअर फक्त फ्लश आणि बागेला दिलं, तर सॉफ्टनर लागतोच कशाला?

हिशेबनीस
रानवारा, हे आम्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. फ्लश, बाग आणि फरशी पुसणं यांना २०० लिटर धरले तर ४०० उरतात. अगदी काठावर बसतंय. आठवडाभर मीटर लावून मोजा.

निळीशाई
फ्लशला लोहाचं पाणी गेलं तर कमोडचे ओघळ राहतील, एवढंच. पण गीझर आणि शॉवर वाचतील.

ओंजळ
आठवडाभर मोजलं. घरातला वापर ३६० ते ४३०, फ्लश आणि बाग १८०. एखाद्या दिवशी नळाचं पाणी कमी पडेल, पण मोठी टाकी घेतली तर भागेल असं दिसतंय. सॉफ्टनर तूर्त थांबवला. आधी टाक्या वेगळ्या करतेय आणि बोअरच्या लाइनवर लोहाचा फिल्टर. पावसाळ्यानंतर बोअरचं पाणी पुन्हा तपासणार, तेव्हाचे आकडे इथेच टाकेन.

पाना_पक्कड
उत्तम. एक शेवटचं सांगतो, प्लंबरला हे आधीच बजावा. दोन टाक्यांच्या मध्ये 'अडीअडचणीला असू दे' म्हणून जोडणारा पाइप आणि कॉक ठेवायला सांगतील. ठेवू नका. कॉक कधीतरी गळतो किंवा कोणी उघडा ठेवतं आणि बोअरचं पाणी चांगल्या टाकीत, तिथून सार्वजनिक लाइनमध्येही जाऊ शकतं. पाइप पूर्ण तोडून टोपी लावून घ्या, आणि नळाचं पाणी टाकीत वरून पडू द्या, तोंड पाण्याच्या पातळीच्या बरंच वर ठेवून.

ओंजळ
लिहून घेतलं. टोपी लावलेल्या पाइपचा फोटो टाकेन.